गुरुत्वीय लहरींतून मूलभूत भौतिकशास्त्राच्या हाती नेमकं काय लागलं?

पूर्णाकाठ (वसमत) — प्रश्न

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडियाचं, म्हणजे गुरुत्वीय लहरी (अवकाशाला ताणत-आकसत जाणारे तरंग) टिपणाऱ्या यंत्राचं, काम सुरू झाल्यापासून मुलं वर्गात बरंच विचारतात. लायगोच्या चार-चार किलोमीटरच्या भुजा, लेसर, आरसे, दोन कृष्णविवरांची टक्कर, १४ सप्टेंबर २०१५ ची पहिली नोंद, २०१७ चं नोबेल हे सगळं मी सांगतो. मागच्या आठवड्यात बारावीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, टक्कर झाल्याचं कळलं. पण त्यातून निसर्गाचा कोणता नियम कळला, जो आधी माहीत नव्हता?"

मी म्हणालो, गुरुत्वीय लहरी असतात हे आइन्स्टाइनचं १९१६ चं भाकीत खरं ठरलं. ती म्हणाली, म्हणजे नवीन काहीच नाही. तिच्या प्रश्नाला पूर्ण उत्तर मिळायला हवं असं मला मनापासून वाटतं. या क्षेत्रातल्या कुणी फळ्यावर मांडता येईल असं एखादं ठोस उदाहरण दिलं तर फार बरं होईल.

रिंगडाउन

सर, त्या मुलीला माझा नमस्कार सांगा. संशोधनाच्या बैठकांमध्ये आम्हीही हाच प्रश्न एकमेकांना विचारतो. मी गुरुत्वीय लहरींच्या नोंदींचं विश्लेषण करते. पीएचडी पुण्यात झाली, सध्या जर्मनीत आहे.

माझ्या मते सगळ्यात ठोस उत्तर २०१५ च्या नोंदीत नाही, ते १७ ऑगस्ट २०१७ च्या नोंदीत आहे. भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ६ वाजून ११ मिनिटांनी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (मेलेल्या ताऱ्यांच्या अतिघन गाभ्यांच्या) विलीनीकरणाची लहर पृथ्वीवरून गेली. मी तेव्हा पीएचडी करत होते आणि त्या रात्री आमच्या मजल्यावरचं कुणी घरी गेलं नाही. लायगोची अमेरिकेत दोन यंत्रं आहेत, लिव्हिंगस्टन आणि हॅनफर्डला. लिव्हिंगस्टनच्या नोंदीत ऐन विलीनीकरणाच्या सेकंदभर आधी यंत्रातलाच एक मोठा आवाज मिसळला होता, त्यामुळे आपोआप निघालेली सूचना एकट्या हॅनफर्डच्या नोंदीवरून निघाली. इटलीतल्या व्हर्गोला लहर जेमतेम जाणवली, कारण ती त्याच्या आंधळ्या कोनातून आली होती. पण या जेमतेम जाणवण्यामुळेच आकाशातली जागा सुमारे २८ चौरस अंशांपर्यंत आवळता आली. मग चिलीतल्या स्वोप दुर्बिणीला साधारण ११ तासांनी एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत नवा प्रकाशबिंदू दिसला. अंतर सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं.

आता फळ्यावरचा भाग. लहरीत विलीनीकरणाचा क्षण आला आणि त्यानंतर १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाला गॅमा किरणांचा झोत दिसला. १३ कोटी वर्षांचे सेकंद मुलांकडून काढून घ्या: ४ वर १५ शून्यं, एवढे येतील. इतका वेळ प्रकाश आणि गुरुत्वीय लहर एकाच वाटेनं चालत होत्या आणि पोहोचताना अंतर पडलं १.७ सेकंदांचं. भागाकार केला की दोघांच्या वेगातला फरक किती लहान असू शकतो ते समोर येतं. शोधनिबंधात हिशेब आणखी सावधपणे केला आहे. अंतर मुद्दाम कमी धरलं आणि गॅमा किरण लहरीच्या १० सेकंद नंतरपर्यंत कधीही निघाले असतील अशी सूट दिली. तरी उत्तर असं की गुरुत्वीय लहरीचा वेग प्रकाशापेक्षा कमी असेल तर १ वर १५ शून्यं एवढ्या भागांत फार तर ३ भागांनी, आणि जास्त असेल तर एका भागापेक्षाही कमी.

त्या मुलीचं म्हणणं असेल, आइन्स्टाइनच्या सिद्धांतात हे होतंच. होतं, पण मोजलेलं नव्हतं. आणि ते मोजलेलं नव्हतं म्हणून त्यावर किती बांधकाम उभं होतं ते सांगते.

विश्वाचं प्रसरण वेगानं वाढतंय हे १९९८ मध्ये कळलं. त्यामागे 'कृष्ण ऊर्जा' आहे असं आपण म्हणतो, पण ती काय आहे हे माहीत नाही. त्यामुळे अनेक उत्तम सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञांनी वेगळा रस्ता धरला: वेगळी ऊर्जा नाहीच, प्रचंड अंतरांवर गुरुत्वाकर्षणच वेगळं वागतं. त्यासाठी समीकरणांत एक जादा क्षेत्र आणलं आणि ते अवकाशकालाच्या वक्रतेशी जोडलं. गॅलिलिऑन नावाचं एक सबंध कुटुंब त्यातून उभं राहिलं. तारे, ग्रह, दीर्घिकांची मांडणी यांच्याशी त्यातल्या बऱ्याच सिद्धांतांचं जमत होतं. पण वक्रतेशी केलेल्या त्या जोडणीमुळे गुरुत्वीय लहरीचा वेग बदलतो आणि हा बदल १५ व्या दशांशातला नसतो, चांगला घसघशीत असतो.

१.७ सेकंदांनी त्यातले बहुतेक सिद्धांत मोडीत निघाले. डिसेंबर २०१७ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'च्या एकाच अंकात वेगवेगळ्या गटांचे चार निबंध एकापाठोपाठ छापले गेले आणि चौघांचा निष्कर्ष हाच होता. कुणी दहा-दहा वर्षं ज्यावर काम केलं ते एका संध्याकाळी संपलं. मूलभूत भौतिकशास्त्रात असं फार क्वचित घडतं. आणि वाचलं काय, तर साधा वैश्विक स्थिरांक (रिकाम्या अवकाशाचीच न बदलणारी ऊर्जा) आणि ज्यांत लहरीचा वेग बदलत नाही असे मोजके सिद्धांत. शक्यतांचं मोठं रान साफ होणं हे नवं ज्ञानच आहे. तिला हे ठासून सांगा.

त्याच नोंदीतून आणखी एक. अवकाशाला तीनच मिती असतील तर लहरीची उंची अंतराच्या प्रमाणात घटते. लहर एखाद्या लपलेल्या मितीत झिरपत असेल तर ती जास्त घटेल आणि स्रोत आहे त्याहून दूर वाटेल. लहरीवरून काढलेलं अंतर आणि दीर्घिकेचं इतर पद्धतींनी काढलेलं अंतर जुळलं. म्हणजे निदान या अंतरापर्यंत गळती दिसली नाही.

चार्जअँपिअर (नाशिक)

ताई, उत्तर आवडलं, पण एका जागी अडलो. मी विद्युत अभियंता आहे, मोजमापाचं काम करतो. प्रकाश आणि लहर एकाच क्षणी निघाले हे कशावरून? १० सेकंदांची सूट तुम्ही दिलीत, ती १० च का? लहर थोडी हळू असेल आणि गॅमा किरण उशिरा निघाले असतील तर दोन गोष्टी एकमेकींना झाकतील. एका घटनेवरून एवढे सिद्धांत बाद करणं मला घाईचं वाटतं.

रिंगडाउन

दादा, शंका रास्त आहे. सूट १० सेकंदांची ठेवली ती तारे विलीन झाल्यावर झोत तयार होऊन बाहेर पडायला साधारण किती वेळ लागावा याच्या प्रतिमानांवरून. ती प्रतिमानं चुकली असं धरा आणि १० च्या जागी १००० सेकंद घाला. तरी वेगातला फरक १ वर १३ शून्यं एवढ्या भागांत चार-एक भागांच्या वर जात नाही. बाद झालेल्या सिद्धांतांना याच्या कितीतरी पट मोठा फरक हवा होता. त्यामुळे १० हा आकडा कळीचा नाही. दोन गोष्टी एकमेकींना झाकतात असं धरलं, तर त्या इतक्या दशांशांपर्यंत योगायोगानं जुळाव्या लागतील.

एक पळवाट मात्र खरी आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. २०१८ मध्ये क्लॉडिया द राम आणि स्कॉट मेलव्हिल यांनी दाखवलं की हे गॅलिलिऑन प्रकारचे सिद्धांत ठरावीक वारंवारतेपर्यंतच भरवशाचे असतात आणि ती मर्यादा नेमकी लायगो ऐकतं त्या शंभर-दोनशे हर्ट्झच्या आसपास येते. म्हणजे विश्वाच्या पातळीवर लहर वेगळ्या वेगानं जात असेल आणि लायगोच्या पट्ट्यात प्रकाशाच्या वेगानं, हे तत्त्वतः शक्य उरतं. म्हणून मला लिसाची ओढ आहे. युरोपीय अवकाश संस्थेची ही मोहीम जानेवारी २०२४ मध्ये मंजूर झाली. तीन यानं, त्यांच्यात प्रत्येकी २५ लाख किलोमीटर अंतर, उड्डाण २०३५ च्या सुमारास. ती हजारांश हर्ट्झच्या लहरी ऐकेल. तिथंही वेग प्रकाशाइतकाच निघाला तर ही पळवाटही बंद.

आणि एका घटनेचा आणखी एक उपयोग. लहर आणि प्रकाश दोघंही आपल्या आकाशगंगेच्या गुरुत्वाकर्षणातून येताना उशिरा पोहोचतात. हा उशीर शेकडो दिवसांचा असतो. कृष्ण पदार्थ (दिसत नाही, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवतो असा मानलेला पदार्थ) नाहीच, असं म्हणणाऱ्या काही सिद्धांतांत प्रकाशाला हा सगळा उशीर होतो आणि गुरुत्वीय लहरीला फक्त दिसणाऱ्या पदार्थामुळे होतो. तसं असतं तर त्या दोन नोंदींत खूप मोठं अंतर पडलं असतं. पडलं १.७ सेकंदांचं. हा हिशेब मांडणाऱ्यांत आयआयटी हैदराबादचे शंतनू देसाई होते.

पूर्णाकाठ (वसमत)

मॅडम, भागाकार आज वर्गात केला. चार वर पंधरा शून्यं आल्यावर मुलं गप्प झाली. आता तिचा पुढचा प्रश्न: हे सगळं न्यूट्रॉन ताऱ्यांचं झालं. कृष्णविवरांच्या इतक्या टकरी ऐकल्या, त्यांतून काय?

रिंगडाउन

सर, माझं नाव इथे 'रिंगडाउन' आहे ते यामुळेच, त्यामुळे जरा लांबेल.

दोन कृष्णविवरं एक झाल्यावर जे उरतं ते सुरुवातीला वेडंवाकडं असतं आणि सेकंदाच्या शंभराव्या भागात ते कंप पावत शांत होतं. पितळी घंटेवर टोला पडल्यावर नाद उठतो आणि विरतो, तसं. यालाच रिंगडाउन म्हणतात. ही गोष्ट गणितात पहिल्यांदा दाखवली ती बेंगळुरूच्या सी. व्ही. विश्वेश्वर यांनी, १९७० मध्ये. त्यांनी संगणकावर कृष्णविवरावर लहरींचा पुंजका सोडला आणि परत आलेला विरता कंप पाहिला. तेव्हा कृष्णविवरं खरोखर असतात का याबद्दलच अनेकांना शंका होती. विश्वेश्वर जानेवारी २०१७ मध्ये गेले. पहिल्या नोंदीत तो विरता कंप दिसलेला त्यांना पाहायला मिळाला, याचं मला फार समाधान वाटतं.

या कंपात मूलभूत काय आहे? आइन्स्टाइनचा सिद्धांत सांगतो की शांत झालेल्या कृष्णविवराचं वर्णन फक्त दोन आकड्यांत संपतं: वस्तुमान आणि फिरण्याचा वेग. ते कशापासून बनलं, आत काय पडलं, काहीच बाहेर उरत नाही. म्हणजे त्याचे सगळे सूर या दोन आकड्यांनी ठरले पाहिजेत. एक सूर ऐकला तर दोन आकडे निघतात. दुसरा सूर ऐकला की त्याला मोकळीक नसते, तो आधीच ठरलेला असतो. जुळला नाही तर ते आइन्स्टाइनचं कृष्णविवर नाही, दुसरंच काही आहे.

पहिल्या नोंदीत दुसरा सूर आहे की नाही यावर आमच्या क्षेत्रात वर्षानुवर्षं कडाक्याचा वाद झाला. नोंद तेवढी स्पष्ट नव्हती. मग १४ जानेवारी २०२५ ची नोंद आली. साधारण तेवढ्याच वस्तुमानांची कृष्णविवरं, सूर्याच्या ३३.६ आणि ३२.२ पट, अंतरही तसंच सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं. पण दहा वर्षांत यंत्रं इतकी सुधारली होती की ही लहर गोंगाटाच्या जवळपास ८० पट उंच उठून दिसली. पहिली २४ पट होती. दोन सूर वेगळे ओळखता आले आणि जुळले.

त्याच नोंदीतून दुसरी चाचणी झाली, जी मला व्यक्तिशः सगळ्यात जवळची आहे. स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ मध्ये सिद्ध केलं होतं की कृष्णविवरांच्या क्षितिजांचं (जिच्या आतून काहीच परत येत नाही त्या सीमेचं) एकूण क्षेत्रफळ कधी कमी होत नाही. मुलांना हे आकडे द्या: टकरीआधी दोघांचं मिळून सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा कमी. नंतर सुमारे ४ लाख, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा बरंच जास्त. आणि हे वस्तुमान घटलेलं असताना! सूर्याच्या सुमारे तीनपट वस्तुमान लहरींच्या रूपानं निघून गेलं, तरी क्षेत्रफळ वाढलं. क्षेत्रफळ वस्तुमानाच्या वर्गाशी जोडलेलं असतं, म्हणून दोन लहान मिळून एक मोठं झालं की ते वाढायला जागा असते. पण ते वाढलंच पाहिजे ही सक्ती नियमाची आहे. बेकेनस्टाइन आणि हॉकिंग यांनी याच क्षेत्रफळाला एन्ट्रॉपी (अव्यवस्थेचं माप) मानलं, आणि क्वांटम गुरुत्वाकर्षणाविषयी आज जे थोडंफार ठामपणे बोलता येतं त्यातलं बरंचसं त्या एका समीकरणावर उभं आहे. त्याच्या पायातला क्षेत्रफळाचा नियम आता खऱ्या कृष्णविवरांवर तपासला गेला आहे.

गुरुत्वाकर्षणाचा कण असलाच तर त्याच्या वस्तुमानावरही मर्यादा आली. वस्तुमान असतं तर कमी वारंवारतेचा भाग वाटेत मागे रेंगाळला असता. शेकडो कोटी प्रकाशवर्षांच्या प्रवासानंतरही तसं दिसत नाही. तो कण इलेक्ट्रॉनपेक्षा किमान ४ वर २८ शून्यं इतक्या पटींनी हलका असला पाहिजे. पण असा एकेक कण लायगोला वेगळा दिसत नाही, आणि तो आहेच हे या नोंदींतून सिद्ध होत नाही. मुलांना हे स्पष्ट सांगावं.

औंढ्याच्या यंत्राचं काम इथे येतं. आइन्स्टाइनच्या सिद्धांतात लहर अवकाशाला दोनच तऱ्हांनी ताणते. इतर सिद्धांतांत सहापर्यंत तऱ्हा असू शकतात. अमेरिकेतली दोन्ही यंत्रं जवळपास एकाच दिशेला जुळवून बांधली आहेत, पहिली नोंद पक्की करायला तेच योग्य होतं. पण त्यामुळे ती दोघं मिळून जवळपास एकच तऱ्हा मोजतात. वेगळ्या कोनात, पृथ्वीच्या दुसऱ्या भागात बसलेलं तितकंच संवेदनशील यंत्र मिळालं की तऱ्हा वेगळ्या काढता येतात. मला स्वतःला लायगो-इंडियाकडून सगळ्यात जास्त अपेक्षा हीच आहे. आकाशातली जागा नेमकी सापडेल हे तर आहेच. २०२३ च्या एप्रिलमध्ये २६०० कोटींची पूर्ण मंजुरी मिळाली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा या तऱ्हाच आल्या.

खोडदवारा (नारायणगाव)

सगळी चर्चा लायगोच्या पट्ट्यातच चालली आहे म्हणून लिहितो. आमच्याकडे खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत, आणि त्यांनीही गुरुत्वीय लहरींच्या शोधात भाग घेतला आहे. तिथे लेसर नाही. सेकंदाला शेकडो वेळा फिरणाऱ्या पल्सारांच्या (रेडिओ ठोके देणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या) ठोक्यांची वेळ वर्षानुवर्षं मोजतात. लहर जाताना ठोके किंचित आधी-नंतर येतात. त्या लहरींचं एक हेलकावणं पुरं व्हायला काही वर्षं ते दशकं लागतात.

२९ जून २०२३ ला युरोपीय आणि भारतीय गटांनी एकत्र निकाल जाहीर केला की अशा लहरींच्या सततच्या गुणगुणाटाचा, म्हणजे पार्श्वभूमीचा, पुरावा दिसतो आहे; त्याच दिवशी अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि चीनच्या गटांनीही. आपला वाटा हा की जीएमआरटी कमी वारंवारतेला पाहते. ताऱ्यांमधल्या विरळ वायूमुळे ठोक्यांना होणारा उशीर कमी वारंवारतेला जास्त असतो, म्हणून तो तिथेच उत्तम मोजता येतो आणि मग वजा करता येतो.

मूलभूत भौतिकशास्त्राचा प्रश्न असा: ही पार्श्वभूमी कशाची आहे? दीर्घिकांच्या मध्यातल्या महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांची, की विश्वाच्या अगदी सुरुवातीच्या काळातली? वैश्विक तंतू (सुरुवातीच्या विश्वातून उरलेले, कल्पिलेले ऊर्जेचे धागे), त्या काळातली अवस्थांतरं यांच्यातूनही असा गुणगुणाट उरू शकतो. वैश्विक सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीचा प्रकाश आपल्याला महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनंतरचाच दिसतो. त्याआधीचं विश्व प्रकाशाला अपारदर्शक होतं, गुरुत्वीय लहरींना नव्हतं. म्हणून मला वाटतं की खरा नवा नियम, ती मुलगी विचारते तसला, या पट्ट्यातून येईल.

रिंगडाउन

खोडदवारा, हे लिहिलंत ते बरं झालं. पल्सारांच्या जोड्यांमध्ये ठोक्यांतला संबंध त्यांच्यातल्या कोनानुसार बदलतो, आणि तो हेलिंग्ज आणि डाउन्स यांनी १९८३ मध्ये काढलेल्या वक्राशी जुळतोय. वेगवेगळ्या दिशांच्या पल्सारांचे ठोके एकाच लहरीनं हलत असतील तरच असं होतं, म्हणून आम्ही सगळे एवढे उत्तेजित आहोत.

पण स्रोताबद्दल मी आज महाकाय कृष्णविवरांच्याच बाजूनं आहे. ती जोडगोळी असायलाच हवी, दीर्घिका एकमेकींत मिसळताना आपण प्रत्यक्ष पाहतो. तंतू असायलाच हवेत असं कुठलंही निरीक्षण सांगत नाही. कोणत्या वारंवारतेला किती जोर, एवढ्यावरून दोघांत निवाडा होणार नाही, कारण दोन्हीकडच्या प्रतिमानांत आकडे ओढताण करून बसवता येतात. निवाडा दिशेवरून होईल. कृष्णविवरांच्या जोड्या असतील तर जवळच्या काही जोड्या जास्त मोठ्यानं ऐकू येतील आणि आकाशाचे काही भाग इतरांपेक्षा जोरात निघतील. सुरुवातीच्या विश्वातून आलेलं असेल तर ते सगळीकडून जवळपास सारखं येईल. त्यासाठी पल्सार वाढवावे लागतील आणि सगळ्या गटांच्या नोंदी एकत्र कराव्या लागतील, ते काम चालू आहे.

पूर्णाकाठ सर, त्या मुलीला पुढे वाचायचं असेल तर तिला आधी घातांक आणि लॉगॅरिदम पक्के करायला सांगा, आणि मग मला इथेच विचारू दे. हेलिंग्ज-डाउन्सचा वक्र बारावीच्या त्रिकोणमितीत काढता येत नाही, पण तो ९० अंशांच्या जवळपास शून्याखाली का जातो हे समजावता येतं.